मायक्रोरिॲक्टरच्या वाहिन्यांना उत्प्रेरकाचा लेप कसा द्यावा: वनस्पती तेलापासून नवीकरणीय डिझेल करू पाहणाऱ्यांसाठी

वापरून झालेल्या खाद्यतेलापासून डिझेल करण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात बायोडिझेल येते. परंतु येथे ज्याचा विचार केला आहे ते नवीकरणीय डिझेल हे निराळे इंधन आहे. बायोडिझेल करताना तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून मिथिल एस्टर तयार करतात आणि त्या एस्टरमध्ये ऑक्सिजन तसाच राहतो. नवीकरणीय डिझेल करताना मात्र उच्च दाबाच्या हायड्रोजनच्या साहाय्याने तेलातील ऑक्सिजन काढून टाकतात आणि मुख्यतः १५ ते १८ कार्बनांच्या सरळ साखळीची हायड्रोकार्बने मिळवतात. हिशोबासाठी ट्रायओलिन या तेलातील एका नमुनेदार ट्रायग्लिसराइडचे (तेल ज्या मोठ्या रेणूंचे बनलेले असते त्यांपैकी एकाचे) उदाहरण घेऊ. १ मोल म्हणजे सुमारे ८८५ ग्रॅम ट्रायओलिन पूर्णपणे ऑक्सिजनमुक्त करण्यास १५ मोल हायड्रोजन लागतो आणि त्यातून ३ मोल ऑक्टाडेकेन, १ मोल प्रोपेन व ६ मोल पाणी मिळते. याचाच अर्थ १ किलो तेलाला साधारण ३४ ग्रॅम, म्हणजे ० अंश सेल्सियस तापमान व १ वातावरण दाबाला सुमारे ३८० लिटर, हायड्रोजन खर्ची पडतो. काही रेणूंतील ऑक्सिजन पाण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघतो. तेव्हा साखळी एका कार्बनाने आखूड होते आणि हायड्रोजनही कमी लागतो.

ही अभिक्रिया भरपूर उष्णता सोडते. उत्प्रेरकाच्या गोळ्यांनी भरलेल्या नळीत ती उष्णता मध्यभागी साचते, तेथील तापमान चढते आणि उत्प्रेरकावर कार्बन बसू लागतो. मायक्रोरिॲक्टरच्या वाहिन्या मिलिमीटरच्या दशांशांत मोजण्याइतक्या अरुंद असल्याने प्रत्येक थेंब धातूच्या भिंतीलगत असतो आणि उष्णता तत्काळ भिंतीत जाते. मात्र इतक्या अरुंद वाहिनीत गोळ्या भरता येत नाहीत आणि बारीक भुकटी भरली तर दाब बेसुमार वाढतो. म्हणून उत्प्रेरक भिंतीवरच लेपाच्या रूपाने बसवावा लागतो. येथे हा उत्प्रेरक म्हणजे अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) सच्छिद्र थरावर चढवलेले निकेल आणि मॉलिब्डेनम. या लेपाला दुसरेही महत्त्व आहे. ट्रायग्लिसराइडचा रेणू मोठा असून तो सच्छिद्र अॅल्युमिनात सावकाश शिरतो. मिलिमीटरभर जाडीच्या गोळीचा गाभा त्यामुळे बराचसा निकामी राहतो, तर २० ते ३० मायक्रोमीटरचा थर जवळजवळ पूर्णपणे कामास येतो.

वडोदऱ्यात या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि लहान उद्योजकांना अनुकूलता पुष्कळ आहे. १८९० साली महाराज सयाजीरावांनी कलाभवन स्थापन केले, तेव्हापासून तंत्रशिक्षणाची परंपरा येथे आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. नंदेसरी आणि मकरपुरा येथील औद्योगिक वसाहतींत रसायने, स्टेनलेस स्टीलचे पत्रे आणि बारीक काम करणारे कारागीर मिळतात. तेलाचीही वाण नाही. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपलीकडे गेले की ते तेल पुन्हा वापरता येत नाही, आणि दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंतच्या फरसाणवाल्यांकडे असे तेल रोज निघते.

पट्टीची निवड आणि तयारी

नवशिक्याने उघड्या वाहिन्या कोरलेल्या धातूच्या पट्ट्यांनी सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पट्ट्या एकमेकींवर ठेवून उच्च तापमानाला सांधण्याची जी पद्धत आहे, तिच्यात धातू सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो. त्या उष्णतेत गॅमा अॅल्युमिना हे लेपातील अॅल्युमिनाचे सच्छिद्र रूप ढासळू लागते, म्हणून सांधणी आधी आणि लेप नंतर असा क्रम ठेवावा लागतो. आणि मग बंद वाहिनीत लेप कसा बसला हे पट्टी कापल्याशिवाय दिसत नाही. उघडी पट्टी लेप देऊन, तपासून, नंतर ग्रॅफाइटच्या गॅस्केटसह जाड पोलादी ठोकळ्यांत आवळता येते.

उदाहरणादाखल ३१६ एल स्टेनलेस स्टीलची अशी पट्टी घेऊ, जिच्यावर ०.५ मि.मी. रुंद, ०.३ मि.मी. खोल आणि ५० मि.मी. लांब अशा १० वाहिन्या कोरल्या आहेत. वाहिन्या ठिणगीच्या यंत्रावर कापल्या असतील तर पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेल्या धातूचा ठिसूळ थर राहतो. त्यावर दिलेला लेप धातूला न चिकटता त्या थरासकट निघून येतो. तो थर आम्लाने किंवा बारीक वाळूच्या माऱ्याने आधी काढून घ्यावा.

जुने कल्हईवाले भांडे तापवून नवसागराने घासल्याशिवाय कथील लावत नसत. येथेही तेच आहे. पट्टी प्रथम अॅसिटोनमध्ये आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासोनिक बाथमध्ये १५-१५ मिनिटे ठेवावी. नंतर १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या कोमट द्रावणात, मग २० टक्के नायट्रिक आम्लात अर्धा तास ठेवून विआयनीकृत पाण्याने धुवावी. बोअरचे पाणी येथे कदापि वापरू नये, कारण त्यातील कॅल्शियमचे डाग लेपाखाली राहतात आणि क्लोराइड पोलादाला खड्डे पाडते. धुतलेली पट्टी हातमोज्यांनीच हाताळावी. शेवटी ती मफल भट्टीत हवेमध्ये ८०० अंशांवर २ तास तापवावी, म्हणजे पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ, खरखरीत त्वचा तयार होते आणि अॅल्युमिना त्या त्वचेला धरतो. लोखंड, क्रोमियम व अॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू मिळाला तर अधिक चांगले. तो ९०० ते १००० अंशांवर सुमारे २० तास ठेवला की त्याच्यावर अॅल्युमिनाचीच त्वचा येते आणि लेप व पाया एकाच जातीचे होतात.

तयारी पुरी झाली की नाही हे पाण्याच्या एका थेंबाने कळते. थेंब पसरला तर पुढे जावे. मण्यासारखा उभा राहिला तर धुण्यापासून पुन्हा सुरुवात करावी. त्यानंतर पट्टीचे वजन ०.१ मि.ग्रॅ.पर्यंत अचूक नोंदवावे, कारण पुढचा सगळा हिशोब या वजनावर चालतो.

स्लरी

स्लरी म्हणजे अॅल्युमिनाची भुकटी मिसळलेले पातळ मिश्रण; वाहिन्यांत भरून वाळवले की त्याचाच लेप होतो. ७५ ग्रॅम विआयनीकृत पाण्यात ५ ग्रॅम पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (कण धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) ६५ अंशांपर्यंत तापवून, हळूहळू ढवळून विरघळवावे. ढवळण्याची घाई केली तर फेस होतो आणि तो फेस पुढे लेपात सुईच्या टोकाएवढी भोके पाडतो. द्रावण रात्रभर स्थिर ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्यात २० ग्रॅम गॅमा अॅल्युमिनाची भुकटी आणि १ ग्रॅम अॅसेटिक आम्ल घालून ६५ अंशांवर २ तास आणि पुढे सामान्य तापमानाला दोन-तीन दिवस संथपणे ढवळत ठेवावे.

भुकटीचे कण ५ मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असावेत. दुकानातून येणारी भुकटी पुष्कळदा याहून जाड असते आणि जाड कण भिंतीवर ठरत नाहीत. ती झिर्कोनियाच्या गोळ्यांच्या चक्कीत पाण्यासह दळून घ्यावी. पोलादी गोळ्या वापरल्यास त्यांचे लोखंड उत्प्रेरकात उतरते. आम्ल घालण्यामागचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. अॅल्युमिनाच्या कणांवरील विद्युतभार सुमारे ८ ते ९ पीएचला शून्य होतो आणि त्या अवस्थेत कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. पीएच ४ च्या जवळ आणला की सर्व कण धनभारित होऊन एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे स्लरी दिवसेंदिवस एकसारखी राहते. पीएच फार खाली, २ च्या दिशेने, नेला तर अॅल्युमिना विरघळू लागतो, म्हणून मीटर लावून पाहावे आणि अंदाजाने आम्ल ओतू नये.

तयार स्लरी पातळ ताकासारखी वाहती असावी. वापरण्यापूर्वी ती निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवून बुडबुडे काढून टाकावेत.

भरणे

उघड्या पट्टीत पिपेटने स्लरी काठोकाठ भरावी आणि सरळ धारेच्या प्लास्टिकच्या पट्टीने वरची जादा स्लरी एका दिशेने ओढून काढावी. वाहिन्यांमधल्या उंच भागावर स्लरीचा मागमूस राहता कामा नये, नाही तर गॅस्केट नीट बसत नाही आणि हायड्रोजन गळतो.

आपल्या पट्टीत सर्व वाहिन्यांचे मिळून आकारमान ७५ घन मि.मी. आहे. तेवढ्या स्लरीत साधारण १७ मि.ग्रॅ. अॅल्युमिना असतो. तीन भिंतींचे एकूण क्षेत्रफळ ५.५ चौ. सें.मी. होते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३ मि.ग्रॅ.हून किंचित अधिक. सच्छिद्र थराची घनता घन सेंटिमीटरला १ ग्रॅमच्या आसपास धरली तर सरासरी जाडी ३० मायक्रोमीटर येते. म्हणजे या मापाच्या वाहिनीला एकच भरणी पुरते. दुसरी भरणी करण्याचा मोह टाळावा, कारण कोपऱ्यांत थर आधीच सरासरीपेक्षा जाड असतो आणि भेगा तेथूनच सुरू होतात.

बंद वाहिनी किंवा केशनळी असेल तर स्लरी सिरिंज पंपाने भरून मागून हवेने ढकलून काढतात. मागे भिंतीवर राहणाऱ्या ओल्या थराची जाडी हवेच्या वेगावर ठरते. स्लरीची श्यानता ०.०२ पास्कल-सेकंद, पृष्ठताण मीटरला ०.०५ न्यूटन आणि वेग सेकंदाला २० मि.मी. असेल, तर ०.२५ मि.मी. त्रिज्येच्या नळीत सुमारे १२ मायक्रोमीटरचा ओला थर राहतो आणि तो वाळून जेमतेम २-३ मायक्रोमीटरचा होतो. वेग दुप्पट केल्यास जाडी साधारण दीडपट होते, दुप्पट नव्हे. म्हणून बंद वाहिनीला अनेक हात द्यावे लागतात आणि प्रत्येक हातानंतर वाळवून भाजावे लागते.

वाळवणे

लेप बिघडतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर, आणि यासंबंधी जे लिहिले जाते ते नेहमी अपुरे असते. ओल्या थरातील पाणी उडताना कण एकमेकांकडे खेचले जातात. वरचा भाग आधी वाळला तर तो आक्रसतो, खालचा ओला भाग त्याला साथ देत नाही आणि मातीच्या वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. वडोदऱ्याच्या हवेत ही अडचण वर्षातून दोनदा, दोन निराळ्या रूपांत येते.

मे महिन्यात प्रयोगशाळेतही हवा इतकी कोरडी आणि तप्त असते की भरणी पुरी होण्याआधीच पहिल्या वाहिन्यांवर साय धरू लागते. तेव्हा भरण्याचे काम सकाळी लवकर करावे आणि पट्टी लगेच झाकणाच्या डब्यात, ओल्या टिपकागदाशेजारी ठेवावी, म्हणजे पाणी सावकाश उडते. पावसाळ्यात उलट होते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की रात्रभरातही थर वाळत नाही. मी एका ऑगस्टमध्ये सहा पट्ट्या अशाच रात्रभर टेबलावर ठेवल्या होत्या. टेबल किंचित उतरते होते, त्यामुळे सकाळपर्यंत स्लरी वाहिन्यांच्या एका टोकाला सरकून जमली. थर वरून कोरडा दिसत होता, म्हणून मी पट्ट्या थेट १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. आत उरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि सहाही पट्ट्यांवर फोड आले. पंधरवड्याचे काम त्यात गेले.

तेव्हापासून मी पट्टी नेहमी पाणसळ लावून पाहिलेल्या काचेवर ठेवतो आणि पावसाळ्यात सिलिका जेल असलेल्या मोठ्या पेटीत २५ ते ३० अंशांवर पूर्ण एक दिवस वाळवतो. सिलिका जेल पट्टीला अगदी खेटून ठेवू नये. वजन दोन तासांच्या अंतराने दोनदा घेऊन ते सारखे भरले तरच पट्टी ओव्हनमध्ये न्यावी. तेथे ६० अंशांवर २ तास, मग ११० अंशांवर ४ तास.

भाजणे आणि धातू चढवणे

वाळलेली पट्टी भट्टीत मिनिटाला १ ते २ अंश या गतीने ६०० अंशांपर्यंत न्यावी आणि तेथे ४ तास ठेवावी. २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान पॉलिव्हिनाइल अल्कोहोल जळते, तेव्हा गती १ अंशाच्या वर जाऊ देऊ नये आणि भट्टीत हवा खेळती ठेवावी. थंड होतानाही घाई नको. स्टेनलेस स्टील अॅल्युमिनाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते आणि आकुंचनही त्याच प्रमाणात होते; भट्टीचे दार ६०० अंशांवर उघडले तर लेप त्या ताणाने सुटतो.

यानंतर थर चिकटला आहे का ते पाहावे. पट्टी हेप्टेनमध्ये बुडवून अल्ट्रासोनिक बाथमध्ये ३० मिनिटे ठेवावी, वाळवून वजन घ्यावे. लेपाच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक घट झाली तर ती पट्टी पुढे नेण्यात अर्थ नाही. लेप खरवडून पृष्ठभागाच्या तयारीपासून पुन्हा सुरुवात करावी.

निकेल-मॉलिब्डेनम चढवण्याचे दोन मार्ग आहेत. आधीच धातू चढवलेल्या भुकटीची स्लरी करता येते, परंतु आम्लात निकेल आणि मॉलिब्डेनम काही अंशी विरघळून निघतात व कणांवरचा विद्युतभारही बदलतो, त्यामुळे मी आधी कोऱ्या अॅल्युमिनाचा लेप देऊन नंतर धातू चढवणे पसंत करतो. तयार उत्प्रेरकात १५ टक्के मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि ३ टक्के निकेल ऑक्साइड हवे असेल तर ८२ ग्रॅम अॅल्युमिनाला १८.४ ग्रॅम अमोनियम हेप्टामॉलिब्डेट आणि ११.७ ग्रॅम निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट लागते. आपल्या १७ मि.ग्रॅ.च्या लेपाला ही मात्रा अनुक्रमे ३.८ आणि २.४ मि.ग्रॅ. येते. लेपातील एकूण पोकळी सुमारे १२ मायक्रोलिटर आहे आणि तेवढेच द्रावण तो शोषू शकतो. म्हणून मॉलिब्डेटचे द्रावण दोन हप्त्यांत, सूक्ष्म पिपेटने, वाहिनीच्या संपूर्ण लांबीवर सारखे सोडावे. प्रत्येक हप्त्यानंतर ११० अंशांवर वाळवावे आणि शेवटी ५०० अंशांवर भाजावे. निकेल त्यानंतर स्वतंत्रपणे द्यावे, कारण दोन्ही क्षार साध्या पाण्यात एकत्र केल्यास साका बसतो. निकेलनंतरची भाजणी ४५० ते ५०० अंशांतच ठेवावी. अधिक तापवल्यास निकेल अॅल्युमिनाशी एकजीव होऊन निष्क्रिय संयुग बनते. निकेलचे क्षार कर्करोगकारक असल्याने हातमोजे, मास्क आणि धूर खेचणारे कपाट यांच्याशिवाय हे काम करू नये.

गंधकीकरण आणि पहिली चाचणी

ऑक्साइड रूपातील हा उत्प्रेरक अजून कामाचा नसतो. त्याचे सल्फाइड करावे लागते. पट्ट्या आवळून प्रथम नायट्रोजनच्या दाबाखाली गळती तपासावी, मग १५० अंशांवर ओल घालवावी. डोडेकेन या द्रव हायड्रोकार्बनमध्ये डायमिथिल डायसल्फाइड हे गंधक पुरवणारे संयुग मिसळून हायड्रोजनसह सोडावे आणि तापमान सावकाश ३२० ते ३५० अंशांवर नेऊन काही तास ठेवावे. गंधक मिळण्याआधी गरम उत्प्रेरकावर कोरडा हायड्रोजन जाऊ देऊ नये, कारण एकदा क्षपण झालेल्या ऑक्साइडचे पुढे नीट सल्फाइड होत नाही. या टप्प्यात हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो अत्यंत विषारी असून, प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. वास येत नाही म्हणजे वायू नाही असे समजणे जिवावर बेतू शकते. गजर असलेला मापक आणि बाहेर जाणाऱ्या वायूसाठी कॉस्टिक सोड्याचा धुलाई-स्तंभ असल्याशिवाय हे काम सुरू करू नये. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तर तो पेट घेतो, हेही सतत ध्यानात ठेवावे.

फरसाणवाल्याचे तेल सरळ वाहिनीत सोडता येत नाही. त्यातील मीठ, फॉस्फरस आणि जळके कण धुऊन, वाळवून, शेवटी २ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढावे लागतात. वनस्पती तेलात गंधक जवळजवळ नसल्यामुळे थोडे डायमिथिल डायसल्फाइड तेलात कायम मिसळत राहावे, नाही तर सल्फाइड हळूहळू गंधक गमावते. ३२० ते ३५० अंश आणि ५० बार दाब या स्थितीने सुरुवात करावी. उत्प्रेरकाच्या वजनाइतके तेल तासाला सोडले तर एका पट्टीतून दिवसाला अर्धा ग्रॅमही तेल जात नाही. म्हणून मोजण्याजोगे उत्पादन हवे असेल तर निदान २० पट्ट्या एकत्र रचाव्यात.

उत्पादनाची नळी उबदार ठेवावी. हेप्टाडेकेन २२ अंशांवर आणि ऑक्टाडेकेन २८ अंशांवर गोठते, त्यामुळे वडोदऱ्याच्या जानेवारीतील रात्री साठवणीच्या बाटलीकडे जाणारी नळी मेणाने बुजते आणि दाब चढतो. गाडीत वापरण्याजोगे डिझेल हवे असल्यास पुढे या सरळ साखळ्यांना फाटे फोडणारा आणखी एक उत्प्रेरक लागतो. तो स्वतंत्र विषय आहे.

चाचणी संपवताना तापमान २०० अंशांखाली उतरण्याआधी सर्व कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजनने धुऊन काढावा, कारण कमी तापमानाला तो निकेलशी संयोग पावून निकेल कार्बोनिल हा प्राणघातक वायू तयार करू शकतो. सल्फाइड उत्प्रेरक हवेत आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून पूर्ण थंड झाल्यावर नायट्रोजनमध्ये अगदी थोडी हवा मिसळून ती काही तास सोडावी आणि मगच ठोकळे उघडावेत. पट्टी हेप्टेनने धुऊन, वाळवून तिचे वजन घ्यावे आणि भिंगाखाली प्रथम वाहिनीचे प्रवेशद्वार व कोपरे पाहावेत. तेथे धातू उघडा पडलेला दिसला तर दोष पृष्ठभागाच्या तयारीत किंवा वाळवण्यात आहे. थर शाबूत असून काळा व जड झाला असेल तर दोष लेपात नसून तेलाच्या शुद्धीत किंवा हायड्रोजनच्या कमी पुरवठ्यात शोधावा.